उन्हाळ्यात सीएनसी राऊटर अर्ध्या कामात सरकतो: दोन मे महिने खाल्लेला बिघाड

तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आम्ही मार्चपासूनच कापायला घेतो. पोळा श्रावण अमावस्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, पण पावसात लाकूड ओल धरतं, रंग सुकत नाही. म्हणून धड, पाय, शिंगं, खालच्या पाटाची चाकं, सगळं उन्हाळ्यातच कापून रचून ठेवायचं. त्यामुळे आमच्या सीएनसी राऊटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणाऱ्या मशीनवर, खरा भार येतो मे महिन्यात, आणि नेमकी मे महिन्यातच ती दगा द्यायची. फळीवर बारा धडं मांडलेली असायची. सात धडं झकास निघायची आणि आठव्यापासून पुढचं सगळं वाय अक्षावर, म्हणजे एकाच दिशेला, सरकलेलं. डोळ्याचं भोक नंदीच्या कानात.

पाऊस लागला की मशीन एकदम शहाणी. पहिल्या वर्षी मी जूनमध्ये मोटरींना वीज देणारे सगळे ड्रायव्हर बदलले आणि दुखणं गेलं. मी खूश. पुढच्या मार्चच्या शेवटी पुन्हा तेच. मग मोटरी बदलल्या, मोटर आणि स्क्रू जोडणारे कपलर बदलले, लॅपटॉपसुद्धा दुसरा आणला. बाबा जुन्या हाताचे सुतार, मशीनच्या वाटेला फारसे जात नाहीत. ते शेडच्या दारात बसून पाहत असायचे. एक दिवस म्हणाले, "दुपारीच काऊन सरकते रे हे? सकाळी तं नाही सरकत."

त्या दिवसापासून मी वहीत लिहायला लागलो: वेळ, अक्ष, किती सरकली, भुसा ओढणारा ब्लोअर चालू होता की बंद. हे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं.

मशीन कशी आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं ताडून पाहता येईल. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या आमच्या गावातच बांधली आहे. फ्रेम ५० बाय १०० च्या एमएस पाईपची, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून. २० मिमीच्या लिनियर रेल. तिन्ही अक्षांना १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी जाडीचा आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा. नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटरी (ठरल्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणाऱ्या) चार, त्यातल्या दोन वायला. डीएम५४२ ड्रायव्हर, वीज पुरवायला ३६ व्होल्टचा एसएमपीएस, डोकं म्हणून अर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड आणि त्यात मशीन चालवणारं जीआरबीएल १.१ हे सॉफ्टवेअर. स्पिंडल, म्हणजे कापणारं बिट फिरवणारी मोटर, दीड किलोवॅटचा, हवेने थंड होणारा, व्हीएफडीवर (त्याचा वेग सांभाळणारा डबा). भुसा ओढायला ब्लोअर आणि त्याला जोडलेला साधा पीव्हीसी पाईप. या पाईपकडे दोन वर्षं माझं लक्षच गेलं नाही.

किती सरकली ते मोजा, मग पाना हातात घ्या

"स्टेप मिस होतात" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळी दुखणी असतात: विजेचा त्रास, मोटरला न झेपणारा भार आणि हळूहळू साठत जाणारी चूक. तिन्हींची औषधं वेगळी. ओळखायला डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं मोजणारं घड्याळ, पुरतो.

स्टेपर मोटर भाराखाली ताल सोडते तेव्हा ती कितीही मागे पडत नाही. १.८ अंशांच्या मोटरच्या रोटरला ५० दात असतात. ताल सुटला की रोटर पुढच्या दातावर जाऊन बसतो, म्हणजे चार पूर्ण स्टेप, ७.२ अंश. ५ मिमीच्या स्क्रूवर ७.२ अंश म्हणजे बरोबर ०.१ मिमी. त्यामुळे मोटर अडखळून गेलेली चूक ०.१ च्या पटीत येते: ०.३, ०.८, १.२. तुमचा स्क्रू ८ मिमीचा असेल तर हा आकडा ०.१६. बेल्टची मशीन असेल तर पुलीच्या दातांवरून काढून घ्या. कपलरचा स्क्रू घसरला तर आकडा काहीही येतो, पण तेव्हा मोटरच्या शाफ्टवर चकचकीत ओरखडा सापडतो. स्केचपेनने शाफ्टवर आणि कपलरवर मिळून एक आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटली तर कपलर.

माझ्या वहीतले आकडे होते २.३१, १.८७, ०.६४. एकही ०.१ च्या पटीत नाही. कपलरची रेघ अखंड.

दुसरी खूण मला गुण्याने, म्हणजे सुताराच्या काटकोन तपासायच्या पट्टीने, दिली. वायला दोन मोटरी आहेत. एक अडखळली असती तर गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारी आडवी कमान, तिरपी झाली असती. गुण्या लावला, गॅन्ट्री काटकोनात. म्हणजे दोन्ही मोटरी तितक्याच सरकल्या होत्या. दोन वेगळे ड्रायव्हर, दोन वेगळ्या मोटरी, आणि दोघींनी एकाच वेळी एकसारखी चूक करायची? तसं होत नाही. दोघींना कुणीतरी तसा हुकूम दिला होता. बिघाड मोटरीच्या अलीकडे होता, पल्स (मोटरला एकेक स्टेप हलवणारा विजेचा ठोका) जाणाऱ्या वायरीत किंवा बोर्डात. हे पहिल्याच वर्षी सुचलं असतं तर चार मोटरींचे पैसे वाचले असते.

तिसरी खूण पडद्यावर येत होती आणि मी ती सोडून देत होतो. कधी मशीन मध्येच थांबायची आणि अलार्म १ यायचा, म्हणजे अक्षाच्या टोकाचा लिमिट स्विच दाबला गेला. स्विचच्या आसपास काहीच नसायचं. कधी जीआरबीएलची सुरुवातीची ओळ आपोआप पुन्हा उमटायची, म्हणजे बोर्ड रिसेट झालेला. स्विच न दाबता अलार्म, आपोआप रिसेट आणि ०.१ च्या पटीत न बसणारं सरकणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर विजेचा त्रास धरूनच चाला. ॲक्सिलरेशन कमी करून तो जात नाही. मी जीआरबीएलमधली त्याची सेटिंग, डॉलर १२० आणि १२१, निम्म्यावर आणली होती. कामाला दीडपट वेळ लागायला लागला, सरकणं तेवढंच राहिलं.

पाईप

मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. टिनाखाली उभं राहवत नाही, हवेत ओलाव्याचं नाव नाही. मी वाकून कापलेल्या धडाच्या कडेचा भुसा पुसत होतो आणि कोपर पीव्हीसी पाईपजवळ गेलं. हातावरचे केस पाईपकडे उभे राहिले. तेवढ्यात पाईप धरणाऱ्या लोखंडी क्लॅम्पजवळ टच्च असा आवाज झाला आणि मशीन थांबली. अलार्म १.

कोरडा भुसा प्लास्टिकला घासत वेगाने गेला की पाईपवर स्थिर वीज साठते. कोरड्या हवेत तिला निसटायला वाट मिळत नाही. साठत साठत शेवटी ती जवळच्या लोखंडावर उडी मारते, आणि त्या लोखंडावरच लिमिट स्विचच्या, सिग्नलच्या वायरी बांधलेल्या असतात. पावसाळ्यात हवा दमट, त्यामुळे चार्ज साठायच्या आधीच गळून जातो. म्हणजे पहिल्या जूनमध्ये ड्रायव्हरने काही केलं नव्हतं, पावसाने केलं होतं. सकाळी हवेत थोडा ओलावा असतो, दुपारी तोही जातो. बाबांचा प्रश्न इथे सुटला.

खात्री करायला मी लाकूड न लावता तेच काम हवेत चालवलं. स्पिंडल बंद, ब्लोअर चालू, आणि पुतण्याला पाईपच्या तोंडाशी मुठीने भुसा टाकायला बसवलं. त्याला मजा वाटली. दहा मिनिटांत मशीन दोनदा थांबली. मग ब्लोअर बंद, स्पिंडल चालू: तासभर काही नाही. ही परीक्षा फुकटात होते आणि काही विकत घ्यायच्या आधी करून पाहण्यासारखी आहे. तुमच्याकडे उलटं झालं, म्हणजे ब्लोअर बंद असताना फक्त स्पिंडल चालू केल्यावर गडबड झाली, तर चोर व्हीएफडीच्या केबलमध्ये आहे. ते खाली येतंच.

पाईपच्या आतून उघडी तांब्याची तार ओढली, बाहेरून हातभर अंतरावर एकेक वेढा दिला आणि दोन्ही टोकं अर्थला जोडली. सरकणं निम्म्याने कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

अर्थिंग होतं, पण नावाला

इथे माझा आठवडा गेला. तार अर्थला जोडली आहे, मग चार्ज जातो कुठे? शेवटी वायरमन भाऊंना बोलावलं. त्यांनी मशीनची फ्रेम आणि न्यूट्रल यांच्यात मीटर लावला. ७० व्होल्टच्या वर. मला आठवलं, अनवाणी उभं राहून फ्रेमला हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या आणि मी ते "थोडा करंट" म्हणून सोडून दिलं होतं. व्हीएफडी आणि एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी गळती नेहमी अर्थकडे जात असते. अर्थ धड नसेल तर ती फ्रेमवरच राहते.

भाऊ शेडच्या मागे गेले आणि अर्थिंगच्या रॉडला हात घातला. रॉड हलला. खुंट्यासारखा पक्का रोवलेला रॉड दोन बोटांनी डगडग हलत होता. आमची जमीन भारी काळी. एप्रिलपासून तिला अशा भेगा पडतात की हातातली किल्ली पडली तर दिसायची नाही. माती आकसून रॉडपासून चारी बाजूंनी सुटली होती, मध्ये हवा. पावसाळ्यात तीच माती फुगून रॉडला गच्च धरते आणि अर्थिंग पुन्हा चांगलं होतं. दुखणं ऋतूप्रमाणे यायचं याचं हे दुसरं कारण.

"अर्थिंग नाही हे, खुटी हाय," भाऊ म्हणाले.

नवा खड्डा न्हाणीचं पाणी जिथून वाहतं त्याच्या कडेला घेतला. आयएस ३०४३ या आपल्या अर्थिंगच्या मानकात पाईप इलेक्ट्रोड जीआयचा असेल तर आतला व्यास ३८ मिमीपेक्षा आणि लांबी अडीच मीटरपेक्षा कमी नसावी असं आहे, तेच माप धरलं. भोवती बेंटोनाइट ही चिकणमाती भरली. ती पाणी धरून फुगते आणि पाईपला चिकटून राहते, पण सुकली तर तीही आकसते, म्हणून वर नरसाळं ठेवून उन्हाळ्यात पाणी घालत राहावं लागतं. मीठ-कोळशाची जुनी पद्धतही चालते, फक्त मिठाने पाईप गंजतो. काम झाल्यावर तोच मीटर तिथेच लावला: दीड व्होल्ट.

एक इशारा. खेड्यात झटपट उपाय म्हणून बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. मीटरवर आकडा शून्य दिसतो, झिणझिण्याही जातात. पण वाऱ्यावादळात खांबावरून न्यूट्रल तुटला तर तुमच्या मशीनच्या लोखंडात पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात आणि तुम्ही तिला हात लावून उभे असता. हे करू देऊ नका. कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

वायरिंगमधल्या माझ्या चुका

वायच्याच अक्षावर जास्त त्रास का, हे पॅनेल उघडल्यावर कळलं. पॅनेल लहान घेतलं होतं, म्हणून वायचे दोन ड्रायव्हर बाहेर बसवले होते आणि त्यांच्या पल्सच्या वायरी दीड मीटर लांब, साध्या, स्पिंडलच्या केबलला झिप टायने बांधलेल्या. दिसायला नीटनेटकं. स्पिंडलच्या केबलमधून व्हीएफडीचा खडखडाट जातो, आणि शेजारी पाच व्होल्टचा नाजूक पल्स. असं बांधून ठेवलं तर तो पल्स निर्मळ राहणार कसा?

मोठं पॅनेल घेतलं, ड्रायव्हर आत आणले, पल्सच्या वायरी वीतभर राहिल्या. स्पिंडलला शील्ड (वरून धातूची जाळी) असलेली केबल, शील्ड व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला. स्पिंडलच्या प्लगची चौथी पिन अर्थसाठी असते, पण स्वस्त स्पिंडलमध्ये ती बरेचदा आतून बॉडीला जोडलेलीच नसते. मल्टिमीटरने पिन ते बॉडी तपासा. माझी नव्हती. उघडायच्या आधी मेन बंद करून दहा मिनिटं थांबा, व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट बसलेले असतात.

गॅन्ट्रीला वेगळी अर्थ वायर द्या. रेलच्या गोळ्यांमध्ये ग्रीस असतं, त्यातून जोड मिळेल यावर विसंबू नका. सगळ्या अर्थ वायरी पॅनेलमध्ये एकाच बोल्टवर आणा. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज (न दाबता जोडलेले राहणारे) घ्या आणि बोर्डाच्या इनपुटवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. किंमत चहाच्या कपापेक्षा कमी. त्याने खोटे अलार्म थांबले.

यानंतरचा अख्खा मे महिना एकही धड वाया गेलं नाही.

तुमचा आकडा ०.१ च्या पटीत येत असेल तर

मग तुमचं दुखणं सरळ आहे: मोटरला भार झेपत नाही. बिट बोथट झालं का पाहा. सागात सिलिका असते, ती धार खाते. आलापल्ली-बल्लारशाकडचं जुनं सागवान कापताना हे लवकर कळतं, कापाचा आवाज फुटका होतो आणि कडेला काळपट भाजल्याची रेघ येते. सागासाठी मी ६ मिमीचं दोन धारांचं बिट, १६,००० फेरे, मिनिटाला २,४०० मिमी आणि एका थराला ३ मिमी खोली ठेवतो. म्हणजे दर धारेला ०.०७५ मिमी लाकूड. हे माझ्या फ्रेमला झेपतं. ॲल्युमिनियमच्या हलक्या मशीनवर खोली निम्मी करा. स्क्रू पुसून नवं ग्रीस भरा, भुसा आणि ग्रीस मिळून लाह्याच्या पिठासारखं घट्ट होतं. टिनाखाली पॅनेलचा पंखा बंद पडला असेल तर ड्रायव्हर तापून बंद पडू शकतात, आणि वर-खाली होणाऱ्या झेड अक्षाचा असेल तर स्पिंडल लाकडात खाली बसतो.

हळूहळू एकाच बाजूला वाढत जाणारी चूक हा तिसरा प्रकार. कोरीव कामात दिसतो, जिथे झेड हजारो वेळा वर-खाली होतो. डीएम५४२ ला दिशेचा सिग्नल पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी हवा असतो. जीआरबीएल दोन्ही जवळजवळ एकदम देतं, त्यामुळे दिशा बदलताना एखादं पाऊल चुकीकडे पडतं. ३२० स्टेपला १ मिमी धरलं तर एका पावलाची चूक ०.००३ मिमी, कुणाला दिसणार? पण हजार वेळा झाली की ३ मिमी, म्हणजे बाबांच्या भाषेत एक सूत. मला नंदीच्या पाठीवरची झूल कोरताना हे भेटलं, सुरुवातीची नक्षी बरोबर आणि शेवटची उथळ. जीआरबीएलच्या डॉलर २ या सेटिंगमध्ये त्या अक्षाचा स्टेप सिग्नल उलटा करून पाहा. नाहीच गेलं तर फर्मवेअरच्या कॉन्फिग फाईलमध्ये स्टेप पल्स डिले चालू करून पुन्हा भरा.

रब्बीत रात्री पंप चालू असले की आमच्याकडे व्होल्टेज १७० च्या खाली जातं. तेव्हा व्हीएफडी अंडरव्होल्टेज दाखवून स्पिंडल बंद करतो, पण अर्डुइनोला ते कळत नाही. तो न फिरणारं बिट लाकडात ढकलत राहतो. बिट तुटतं किंवा मोटर अडखळते. सर्वो स्टॅबिलायझर घ्या. रिलेवाला टकटक करत टप्पा बदलतो, त्या क्षणात व्हीएफडी पुन्हा ट्रिप होऊ शकतो. गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत मी रात्री मशीन लावतच नाही.

नवीन बांधत असाल तर

लोक विचारतात, क्लोज्ड लूप मोटरी (आपण कुठे आहोत ते स्वतः तपासणाऱ्या) घेऊ का? मोटर अडखळते अशी तक्रार असेल तर घ्या, ती चूक भरून काढते किंवा अलार्म देऊन थांबते. माझ्यासारखं दुखणं असेल तर पैसे पाण्यात. वायरीत खोटा पल्स शिरला तर क्लोज्ड लूप मोटर तो खोटा हुकूमही इमानदारीने पाळेल. त्याच पैशात इनपुट ऑप्टोने (प्रकाशाच्या जोडाने) विजेपासून वेगळे केलेला बोर्ड आणि ऐसपैस पॅनेल घ्या. फ्रेमचं लोखंड जड घ्या, गावात वेल्डिंग स्वस्त पडतं. आणि शेडची जागा ठरवताना अर्थिंगचा खड्डा कुठे येईल ते आधी पाहा, मशीन नंतर.

बेडच्या कोपऱ्यात ३ मिमीचं एक पक्कं भोक करून तेच कायमचं शून्य ठेवा. लाईट गेली, मशीन थांबली, काहीही झालं तरी बिट त्या भोकात उतरवून पाहता येतं. वर सांगितलेले सरकण्याचे सगळे आकडे मी त्या भोकावरच मोजलेत.

पावसाळ्यात एमडीएफचा बेड फुगतो आणि झेडचं शून्य मध्येच अर्धा मिमी वर लागतं. ते सरकणं वेगळं, त्याला बेड एकदा २५ मिमीच्या बिटाने तासून घ्यायचा. मी तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात तासतो.